शंभर रुपयांची कपात

लोकसभेच्या कामकाजात एक मोठी गमतीची रीत आहे. एखाद्या सभासदास आपल्या भागात आगगाडी यावी असे वाटत असेल, तर त्याने रेल्वेच्या खर्चात कपात सुचवावी लागते. वाढ सुचविण्याचा अधिकारच त्याला नाही. सरकारने मांडलेली अनुदानाची मागणी सभागृहाने मान्य करावी, फेटाळावी किंवा कमी करावी, एवढेच घटनेच्या ११३ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. ती एका रुपयानेही वाढविण्याची मुभा सभागृहाला नाही, मग एकट्या सभासदाला ती कोठून असणार? म्हणून तो सूचना देतो की, रेल्वेची मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी. आणि या वाक्यापुढे कंसात, अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत लोहमार्ग बांधण्याची आवश्यकता, असे कारण लिहून देतो.

कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये वजा करा म्हणणाऱ्याला ते शंभर रुपये वाचवायचे नसतात, हे सभापतींपासून शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक असते. संसदीय परिभाषेत ही प्रतीकात्मक कपात. मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना आली तर ती सरकारच्या धोरणावरील नापसंती समजावयाची. शंभर रुपयांची सूचना आली तर एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडावयाचे आहे असे समजावयाचे. मतास टाकली तर ही सूचना पडणार, हेही ठरलेलेच. कारण ती संमत होणे म्हणजे सरकारवरील अविश्वास, आणि बहुमत हाती असलेले सरकार शंभर रुपयांसाठी पडत नसते. तरीही वर्षानुवर्षे सभासद या सूचना देत आले आहेत. एकदा सूचना छापून वाटली गेली की ती कामकाजाच्या कागदावर राहते, तिच्यावर बोलता येते, आणि मंत्र्याला उत्तराच्या भाषणात निदान दोन वाक्ये तरी त्या विषयावर खर्च करावी लागतात.

भारतात रेल्वेचे अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून १९२४ साली वेगळे काढण्यात आले आणि २०१६ पर्यंत ते वेगळेच मांडले जात असे. फेब्रुवारी महिना सरत आला की देशातील प्रत्येक आडबाजूच्या जिल्ह्याचे कान त्या एका भाषणाकडे लागत. नवे मार्ग कोणते, पाहणी कोठे होणार, कोणती गाडी वाढली. कोकणचे कानही तसेच लागलेले असत. फरक इतकाच की, कोकणच्या वाट्याला पुष्कळदा पाहणी हा शब्द येई, आणि तोही दर वर्षी येईलच असे नव्हते.

त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे. १९८१ साली त्यांची फाळणी होईपर्यंत, आणि त्यानंतरही दहा-बारा वर्षे, या संबंध मुलखात लोहमार्गाचा एक मैलही नव्हता. हा मुलूख मुंबईपासून दूर होता असे नाही. मुंबईचे गिरणगाव ज्या हातांवर चालले त्यांतील फार मोठा वाटा याच मुलखाने दिला. घरटी एक तरी पुरुष मुंबईत, आणि घरचा व्यवहार महिन्याच्या मनिऑर्डरीवर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. जनगणनेचे आकडे पाहावेत तर रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक भरे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासाठी कोणाही समाजशास्त्रज्ञास बोलावण्याची गरज नव्हती. गणपतीला आणि शिमग्याला हे चाकरमानी गावी येत. येत ते आगबोटीने, किंवा पुढे एस.टी.ने घाटवळणे घेत रात्रभर अवघडून.

आगबोटीचा प्रवास आज आठवणीत रम्य वाटतो. वस्तुतः तो जिवावरचा होता. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंनी बायकामुले व बोचकी सांभाळीत पडावात उतरावयाचे. पावसाळ्यात हा मार्ग बंद. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रामदास’ हे नाव नंतर कित्येक वर्षे कालगणनेसारखे येत असे.

गोमंतकाची तऱ्हा थोडी निराळी. पोर्तुगीज अमदानीत मुरगावापासून कॅसलरॉकपर्यंत रूळ पडले होते आणि ते लोंढ्याच्या बाजूने पुढे गेलेले होते. परंतु मडगावच्या माणसास मुंबई गाठावयाची तर घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे असा अर्धवर्तुळाकार वळसा घ्यावा लागे, आणि रूळांची रुंदी बदलते म्हणून वाटेत गाडीही बदलावी लागे. समोर समुद्र, मागे सह्याद्री आणि मधून सरळ जाण्यास वाट नाही, अशी ही किनारपट्टी होती.

या किनारपट्टीचा राजापूर मतदारसंघ १९५७ पासून १९८९ पर्यंत सतत विरोधी पक्षाचा सभासद दिल्लीस पाठवीत राहिला. पहिली तीन निवडणुका नाथ पै, नंतरच्या पाच मधु दंडवते. देशाच्या संसदीय इतिहासात असे मतदारसंघ फार नाहीत. आणि म्हणूनच प्रत्येक निवडणुकीत एक प्रश्न कोकणात हमखास विचारला जाई: विरोधकाला निवडून देऊन तुम्हाला मिळाले काय? सत्तेतला माणूस पाठविला असता तर आगगाडी केव्हाच आली असती. हा आक्षेप सहजासहजी उडवून लावण्याजोगा नव्हता. शेजारच्या प्रदेशात रूळ पडत होते आणि कोकणात ते पडत नव्हते, हे तर डोळ्यांना दिसत होते.

नाथ पै हे वेंगुर्ल्याचे. १९२२ साली जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले. बेचाळीसच्या लढ्यात पडलेले, मग विलायतेत बॅरिस्टर झालेले, आणि तेथे आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद भूषविलेले. त्यांचे नाव घेतले की लोकांना त्यांचे वक्तृत्व आठवते, सीमाप्रश्न आठवतो, गोवामुक्तीचा त्यांनी केलेला पाठपुरावा आठवतो; घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी १९६७ साली गोलकनाथ निकालानंतर त्यांनी आणलेले विधेयक कायद्याच्या अभ्यासकांना आठवते. कोकण रेल्वेचा आग्रह हा त्या मानाने रुक्ष विषय. परंतु १९५७ च्या निवडणुकीत देशभरातून एकोणीस, १९६२ मध्ये बारा आणि १९६७ मध्ये तेरा जागा मिळविणाऱ्या प्रजासमाजवादी पक्षाच्या सभासदाला चर्चेत मिनिटेच मोजून मिळत. पक्षाच्या संख्याबळावर वेळ वाटला जातो. सभापतींची घंटा वाजली की खाली बसावे लागते. त्या मोजक्या मिनिटांत परराष्ट्र धोरणही आणावयाचे, कामगारांचे वेतनही आणावयाचे आणि राजापूरचे रूळही आणावयाचे, ही कसरत होती.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती केवळ दुष्टपणाची नव्हती. रेल्वेत गुंतविलेल्या भांडवलावर सर्वसाधारण तिजोरीला दर वर्षी लाभांश द्यावा लागे. १९४९ च्या ठरावाने तो शेकडा चार ठरला होता. साहजिकच नव्या मार्गाचा विचार करताना रेल्वे बोर्ड प्रथम विचारी की, यातून परतावा काय येईल? पंचवार्षिक योजनांच्या त्या वर्षांत कोळसा, लोखंड आणि पोलाद यांची वाहतूक करणारे मार्ग आधी हवे होते. कोकणात माल काय, तर आंबा, काजू, मासळी आणि मुंबईस जाणारी माणसे. शिवाय दर दोनचार कोसांवर खाडी, मध्ये डोंगराचे सोंड, पावसाळ्यात ढासळणारी माती. एका मैलाचा खर्च देशावरच्या मैलाच्या कितीतरी पट. हिशेबनीस माणूस कागद बाजूला सारील, यात नवल नव्हते.

कोकणच्या प्रतिनिधींना या हिशेबालाच उत्तर द्यावे लागले. रेल्वे नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून रेल्वे नाही. या चक्रात अडकलेल्या भागाला परताव्याची कसोटी लावली तर तो भाग कधीच उत्तीर्ण होणार नाही. कारण परतावा हा रूळ पडल्यानंतर यावयाचा असतो. ही मांडणी एकट्या कोकणापुरती नव्हती. बुंदेलखंडाला, आसामच्या डोंगराळ भागाला, ओरिसाच्या आतल्या जिल्ह्यांना ती तशीच लागू पडत होती. खरे पाहता तिचे बळ यातच होते. आपल्या जिल्ह्यापुरते मागणाऱ्या सभासदाकडे मंत्री स्मितहास्य करून पाहतो आणि पुढच्या सभासदाकडे वळतो. मागासलेल्या सर्वच भागांना लागू होणारा नियम मागणाऱ्यास मात्र उत्तर देणे भाग पडते.

१९६६ पर्यंत दिवा, पनवेल करीत रूळ आपट्यापर्यंत आले आणि तेथेच थांबले. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे बेळगावात निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. लोकसभा त्यापूर्वीच विसर्जित झालेली होती आणि निवडणुका तोंडावर होत्या.

राजापुरातून उभे राहिले ते प्रा. मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, व्यवसाय मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्याचा. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले होते. तेव्हा किनारपट्टीला ते अगदीच परके नव्हते. १९७१ ची ती लाट अशी होती की, प्रजासमाजवादी पक्षाचे संबंध देशातून दोनच सभासद निवडून आले: बंगालमधून समर गुहा आणि कोकणातून दंडवते. पाचशेंहून अधिक सभासदांत दोघांचा पक्ष! त्यांच्या वाट्याला किती मिनिटे येत असतील याची कल्पनाच केलेली बरी. पण पदार्थविज्ञानाच्या या प्राध्यापकाने एक गोष्ट ओळखली होती की, घंटा वाजण्यापूर्वी भावना सांगून होत नाहीत, आकडे सांगून होतात. अंदाजपत्रकाच्या चर्चेत तयारीने येणारा आणि नियमावर बोट ठेवणारा सभासद म्हणून त्यांचा लौकिक थोड्याच वर्षांत झाला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ते बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली. प्रमिलाबाई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात आणि प्राध्यापक बंगळूरच्या. १९७६ चे रेल्वे अंदाजपत्रक सभागृहात आले तेव्हा राजापूरच्या जागेवर कोणी नव्हते, आणि कोकणच्या आगगाडीसाठी शंभर रुपयांची कपात सुचविण्यास राजापूरचा सभासद त्या वर्षी मोकळा नव्हता.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. १९७७ च्या मार्चमध्ये हाच सभासद रेल्वेमंत्री झाला. आता कपात सुचविणारे समोर बसले होते आणि उत्तर द्यावयाचे होते ते यांनी. कोकणात किती आशा पालवल्या असतील! मंत्रीच आपला, मग आता कसली पाहणी नि कसले परतावे?

मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी आधी काय हाती घेतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७४ च्या संपात नोकरीस मुकलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता रद्द झाला होता. फळ्या बदलल्या नव्हत्या, केवळ पाटी बदलली होती. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनफळीवर दोन इंच फोमची गादी घालण्यास सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर ‘गीतांजली’ ही वर्गभेद नसलेली जलद गाडी सुरू झाली. लांबच्या प्रवासात पाठ टेकणाऱ्या सामान्य उतारूस आजही ती गादी मिळते; तिच्यामागे कोणता मंत्री होता हे त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसते.

आणि कोकण? कोकणच्या वाट्याला आला आपटा ते रोहा हा टप्पा. सगळा किनारा नव्हे. टीकाकारांना हे आयतेच हत्यार मिळाले, आणि मतदारसंघातही काहींची निराशा झाली असल्यास तिला दोष देता येत नाही. तथापि ज्या माणसाने परताव्याचा नियम सर्व मागास भागांसाठी बदला असे म्हटले होते, त्याने मंत्री होताच तो नियम स्वतःच्या मतदारसंघापुरता मोडला असता, तर त्याचीच आधीची भाषणे त्याच्याविरुद्ध वाचून दाखविता आली असती. शिवाय तिजोरी अर्थमंत्र्याच्या हाती होती, आणि जनता सरकारला आयुष्य लाभले ते जेमतेम सव्वादोन वर्षांचे.

१९८० मध्ये दंडवते पुन्हा समोरच्या बाकांवर येऊन बसले. १९८४ च्या लाटेत जनता पक्षाचे अवघे दहा सभासद उरले. दंडवते त्यांतले एक. रोह्यापर्यंत रूळ पोहोचले ते १९८६ साली. मध्यंतरी दक्षिणेकडून हालचाल सुरू झाली होती: १९८४ मध्ये मंगळूर ते मडगाव या पट्ट्याची अंतिम पाहणी ठरली, १९८५ मध्ये ती रोह्यापर्यंत वाढविण्यात आली आणि १९८८ मध्ये दक्षिण रेल्वेने प्रकल्पाचा अहवाल दिला. अहवाल झाला, पण पैसा कोठून आणावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर १९८९ च्या अखेरीस एका योगायोगाने सुकर झाले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री झाले. एक मंगळूरचा, दुसरा राजापूरचा सभासद; आणि ज्या दोन टोकांना जोडावयाचे ती टोकेच जणू मंत्रिमंडळात येऊन बसली. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून तुकड्यातुकड्याने पैसा घेत गेले असते तर आणखी एक पिढी गेली असती. म्हणून वेगळी कंपनी काढण्याचे ठरले. केंद्राचा हिस्सा शेकडा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा कर्जरोख्यांनी लोकांकडून उभारावयाचा. १९ जुलै १९९० रोजी कंपनीची नोंदणी झाली, ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले, आणि १५ सप्टेंबरला रोह्यास कोनशिला बसली. अर्थमंत्र्याची अनुकूलता नसती तर हे इतक्या झपाट्याने झाले नसते. नोव्हेंबरमध्ये ते सरकारच पडले.

ज्या परताव्याशी तीस वर्षे भांडण झाले त्याने मात्र इतक्या सहजी पाठ सोडली नाही. कर्जरोख्यांना व्याज द्यावे लागते, आणि तो बोजा कंपनीला पुढे पुष्कळ वर्षे वाहावा लागला. गोव्यात तर मार्गाच्या आखणीवरूनच मोठे आंदोलन उभे राहिले. रूळ खाजण जमिनींतून आणि दाट वस्तीच्या किनारी तालुक्यांतून जाऊ नयेत, ते आतल्या बाजूने न्यावेत, असे म्हणणारे लोक विकासाचे शत्रू नव्हते. आपल्या भागाचे हित कशात आहे हे दिल्लीने परस्पर ठरवू नये, असेच तेही म्हणत होते. आणि नेमकी हीच भाषा कोकणचे प्रतिनिधी लोकसभेत आगगाडी मागताना बोलत आले होते. अखेर आखणी फारशी बदलली नाही. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने तर अभियंत्यांना शेवटपर्यंत जेरीस आणले.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांचा पराभव केला. कामाला नुकती सुरुवात झाली होती. मंगळूर ते उडुपी ही पहिली गाडी १९९३ च्या मार्चमध्ये धावली. त्यानंतर दोन्ही टोकांकडून तुकडे जुळत गेले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सातशे साठ किलोमीटरचा हा मार्ग सलग सुरू झाला. दंडवते त्यानंतर सात वर्षे हयात होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर २००९ पासून राजापूर या नावाचा लोकसभा मतदारसंघही उरला नाही.

डोंगराच्या कडेने, किनाऱ्यापासून बरेच आत, हा मार्ग जातो. त्यामुळे ज्या बंदरांत एके काळी पडाव भरभरून माणसे उतरत त्यांतील कितीएक बाजूलाच राहिली. राजापूर रोड हे स्थानक राजापूर गावापासून दूर आहे. मालवणला रूळ नाहीत. नाथ पै यांच्या वेंगुर्ल्यालाही नाहीत. तेथला चाकरमानी अजून कुडाळला किंवा सावंतवाडी रोडला उतरतो, सामान खाली घेतो आणि पुढच्या एस.टी.ची चौकशी करतो.